बोरिवलीत वडिलोपार्जित जागेवर घर स्वतः बांधावं की बिल्डरला द्यावं?

केळफूल | २ फेब्रुवारी, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

बोरिवली पश्चिमेला, एकसरच्या बाजूला आमचं सासरचं जुनं घर आहे. कौलारू, सागवानी खांबांचं, पुढे पडवी, मागे विहीर. जागा साधारण तीन गुंठे. आजेसासऱ्यांनी बांधलं तेव्हा आजूबाजूला वाडी होती. आता तिन्ही बाजूंना सात-सात मजले उभे आहेत आणि त्यांच्या खिडक्यांतून आमच्या कौलांवर काय काय येऊन पडतं ते विचारू नका. परवा अख्खं पायपुसणं आलं. कौलं परतणारा माणूस मिळत नाही, म्हणून तीन वर्षं वर निळी ताडपत्री आहे. आणि रस्ता इतक्या वेळा चढवलाय की सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा तीन पायऱ्या चढून घरात आल्या होत्या, मी एक पायरी उतरून आले.

शेजारचा प्लॉट आणि आमचा मिळून एक बिल्डर मागतोय. दोन फ्लॅट आणि वर काही रक्कम म्हणतो. नवऱ्याचं मत, तळमजला अधिक एक असं आपलं आपण बांधावं. घरात आम्ही सहाजण: सासू-सासरे, आम्ही दोघं, दोन मुलं. दीर-जाऊ बाणेरला असतात, पण "रिटायर झालो की येऊच" हे वाक्य दर गणपतीत होतं. सासऱ्यांना फक्त पडवी हवी. माझं मत विचाराल तर मला पावसात भांडी मांडायची नाहीत, बस.

मुंबईत स्वतः उभं राहून घर बांधलेले कोणी आहेत का? कर्जतच्या फार्महाउसवाल्यांनी कृपया वेगळा धागा काढावा.

गच्ची_रिकामी

बिल्डरला द्या आणि झोपा.

ओळंबा | ३ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

तीस वर्षं याच धंद्यात गेली, म्हणून जरा लांब लिहितो.

सगळ्यात आधी कागद. मालमत्ता पत्रक (प्रॉपर्टी कार्ड) काढा आणि त्यावर नावं कोणाची आहेत ते बघा. दहापैकी सात घरांत त्यावर अजून पणजोबा जिवंत असतात. वारस लावून घ्या. मग सिटी सर्व्हेकडून मोजणी. कुंपणाची भिंत आणि नकाशावरची हद्द एकच असते असं समजू नका. तिसरं, विकास आराखड्याचा शेरा मागवा, म्हणजे पुढचा रस्ता रुंद होणार असेल तर तुमची किती पट्टी जाते ते आजच कळेल.

तीन गुंठे म्हणजे ३२६७ चौरस फूट. डीसीपीआर २०३४ (मुंबईची बांधकाम नियमावली) प्रमाणे मूळ एफएसआय, म्हणजे जागेच्या किती पट बांधकाम करता येतं ते, उपनगरांत १, शहराच्या बेटावर १.३३. त्यावर प्रीमियम भरून ३५ टक्के फंजिबल, म्हणजे जादा बांधकाम. तुम्हाला तळ अधिक एकच हवं असेल तर एफएसआय कमी पडणार नाही, कमी पडेल ती चारी बाजूंना सोडायची मोकळी जागा.

मग आर्किटेक्ट किंवा लायसन्स सर्व्हेअर नकाशे दाखल करतो. आयओडी मिळते, जोत्यापर्यंतची सीसी (काम सुरू करायचा परवाना) मिळते, जोतं झालं की ते तपासून पुढची सीसी, आणि शेवटी ओसी, म्हणजे राहायला जायचा दाखला. ओसीशिवाय राहायला जाऊ नका. "नंतर बघू" म्हणून गेलेली माणसं वीस वर्षं पाण्याचं बिल जादा दराने भरताना बघितली आहेत.

खडीसाखर

ओळंबाकाका, आयओडी म्हणजे "इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल" ना? म्हणजे नामंजुरीचं पत्र आलं की पेढे वाटायचे?

ओळंबा

हो. १८८८ च्या महापालिका कायद्याचं कलम ३४६. "या या अटी पुऱ्या होईपर्यंत नामंजूर" असा तो प्रकार आहे. अटींची यादी लांबलचक असते. माझ्या एका अशिलाच्या वडिलांनी ते पत्र वाचून जेवण सोडलं होतं.

दहिसरची_मावशी | ३ फेब्रुवारी, दुपारी ३:४०

केळफूल, मी बांधलंय. दहिसरला, सासऱ्यांच्या जागेवर, दोन गुंठ्यांत. एक वर्षाचं काम तीन वर्षांना पुरवलं. सांगते.

कागदांनी वर्ष खाल्लं, ते ओळंबांनी सांगितलंच. पण माझे पैसे आणि झोप कागदांनी नाही खाल्ली, आमच्याच बदलांनी खाल्ली. नकाशा कागदावर असतो तेव्हा सगळे माना हलवतात. भिंत छातीएवढी आली की सगळ्यांना डोळे फुटतात. नणंद आली, म्हणाली, स्वयंपाकघर अंधारं वाटतं, खिडकी मोठी करा. केली. मग त्या खिडकीसमोर शेजाऱ्यांचं न्हाणीघर निघालं. पुन्हा लहान केली. गवंडी काही बोलला नाही, पण दोन्ही वेळचे पैसे बिलात "जादा काम" म्हणून आले. बरोबरच होतं त्याचं.

ओट्याची गंमत तर ऐकाच. मी पाच फूट. मिस्त्रीने त्याच्या हिशोबाने चौतीस इंचांवर कडप्पा बसवायला काढला. मी म्हटलं, थांबा. पोळपाट आणला, त्या कच्च्या विटांवर ठेवला आणि पोळी लाटायचा अभिनय करून दाखवला. खांदे कानाला लागले. मिस्त्री म्हणाला, "सगळीकडं हाच माप असतो ताई." मी भिंतीवर खडूने एकतीस इंचांवर रेघ मारली आणि खाली सही केली. शेवटी तिथेच ओटा झाला. ती रेघ टाइल्सच्या मागे अजून असेल.

आणि स्लॅबचा दिवस. मे महिन्याचा शेवटचा आठवडा, आभाळ भरलेलं. सकाळी सातला मिक्सर सुरू, चाळीसेक माणसं, घमेल्यांची रांग. पाच वाजता टपोरे थेंब आले. चार ताडपत्र्या आणि लग्नाचा एक मंडपवाला धावत आला. पहाटे पाचला सासरे नळी घेऊन स्लॅबवर हजर. सिमेंटची आळी करून त्यात पाणी भरून ठेवलं होतं, त्यात ते आरामात पाय बुडवून बसायचे, वर चहा मागवायचे. म्हणायचे, माझं खाजगी तळं.

त्या तळ्यावरून महापालिकेच्या कीटकनाशक खात्याची नोटीस आली, तो भाग वेगळा.

हिशोबनीस

मी उलट बोलतो, शिव्या द्या.

भावना बाजूला ठेवा. घर वाटता येत नाही, फ्लॅट वाटता येतो. आज तुमचे सासरे आहेत म्हणून सगळं एका छताखाली आहे. वीस वर्षांनी तुमची दोन मुलं, दिरांची जी असतील ती. खालचा मजला कोणाचा, वरचा कोणाचा, गच्चीवर कोणी वाळवण घालायचं, पंप बिघडला तर पैसे कोणी भरायचे? बंगला एकाच माणसाचा असतो तोपर्यंत सुंदर असतो.

आणि पैसा. बांधकामाचं कर्ज घ्याल तर बँक टप्प्याटप्प्याने देते: जोतं, स्लॅब, विटकाम. तोवर उचललेल्या रकमेवर नुसतं व्याज भरायचं. काम रखडलं की घर नाही, मुद्दल कमी होत नाही, आणि राहत्या भाड्याचा खर्च आहेच. तुमचं जुनं घर पाडल्यावर सहा माणसं राहणार कुठे, हे कोणी विचारलं का?

केळफूल

नाही विचारलं. आता विचारते.

मीठभाकर | ४ फेब्रुवारी

हिशोबनीस, शिव्या नाही, अर्धं अनुमोदन. आमच्याकडे नेमकं तेच झालं. तळमजल्याचा स्लॅब पडला आणि एका काकांना एकदम आठवलं की त्यांची सही झालीच नव्हती. तोंडी "हो रे बाबा, बांध" होतं, कागदावर काही नाही. अर्ज, हरकत, काम बंद. चार वर्षं. वरच्या खांबांसाठी सोडलेल्या सळया आभाळाकडे बघत उभ्या. सुरुवातीला मी त्यांना सिमेंटचं पाणी लावायचो गंज धरू नये म्हणून, नंतर लावायचं सोडलं. खाडीची हवा, काय टिकणार! पुन्हा काम सुरू झालं तेव्हा इंजिनीअरने वरचा भाग कापून नव्या सळया जोडायला लावल्या.

काका वाईट नव्हते हो. त्यांना एक खोली हवी होती, तीही राहायला नव्हे. मुंबईत आपली एक खोली आहे, एवढं म्हणायला. ते आधी कोणी विचारलंच नाही. मग हक्कसोड पत्र झालं, आणि आज ती खोली आहे. ते वर्षातून दोनदा येतात.

म्हणून केळफूल, "रिटायर झालो की येऊच" हे वाक्य नकाशा काढायच्या आधी कागदावर घ्या.

खडीसाखर

एकसर म्हणजे वीरगळांचं, लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळांचं एकसर! तिथल्या दगडांवर चक्क जहाजांतून चाललेली लढाई कोरलेली आहे. केळफूल, पाया खणताना एखादं जहाज लागलं तर आधी इथे फोटो टाका, मग पुरातत्त्व खात्याला.

गच्ची_रिकामी

जहाज लागलं तर बिल्डर त्याचाही एफएसआय मागेल.

पाणवठा

विनोद बाजूला, विहीर बुजवू नका. शंभरेक वर्षांपूर्वी मलेरियाच्या भीतीने मुंबईतल्या कितीतरी विहिरी बुजवल्या, आणि आता आपण बाहेरून टँकर आणतो. बांधकामाला पाणी किती लागतं हे पहिला स्लॅब झाला की कळेल. फक्त पाणी आधी तपासून घ्या. तुमच्याकडून खाडी लांब नाही, खारट असेल तर ते काँक्रीटला वापरूच नका, आत सळई गंजते. बागेला, फ्लशला चालेल. वर डासांची जाळी लावावी लागेल, आणि टाक्यांना घट्ट झाकणं. डासांच्या खात्याचं त्याशिवाय समाधान होत नाही. मलेरियाचा शहरी डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, मावशींच्या सासऱ्यांच्या तळ्यात सुद्धा.

दहिसरची_मावशी

म्हणूनच नोटीस! सासऱ्यांनी त्या माणसालाही चहा पाजला होता. त्याने चहा पिऊन नोटीस दिली.

वास्तुपुरुष७७

विहीर आग्नेयेला असेल तर मात्र बुजवावीच लागेल. ईशान्येला असेल तर उत्तम. संडास ईशान्येला अजिबात नको.

ओळंबा

आमच्या एका कामावर नकाशा मंजूर झाल्यावर संडास ईशान्येवरून हलवला. ड्रेनेजचा उतार उलटा झाला. आता घरात लक्ष्मी येते की नाही ते माहीत नाही, पण पावसाळ्यात गटार येतं. पटत असेल तर वास्तू बघा, पण पहिल्या नकाशाआधी बघा.

मुकादम_माझा_मित्र | ९ फेब्रुवारी

सगळे कागदांवर बोलले, मालावर कोणी बोलेना.

कंत्राट दोन तऱ्हेचं. मालासकट, किंवा नुसती मजुरी आणि माल आपला. मालासकट दिलं की डोक्याला ताप कमी, पण कुठली सळई, कुठलं सिमेंट, कुठला पाइप हे करारात मॉडेलसकट लिहा, नाहीतर "चांगल्या कंपनीचं" या दोन शब्दांत काहीही बसतं. मी माल आपला घेतला. त्यासाठी घरातला एक माणूस रोज जागेवर हवा. आमच्याकडे मी होतो, नोकरी सुटली होती म्हणून. वाईटातून चांगलं.

दोन गोष्टी शिकलो. सळई किलोवर येते. व्यासाचा वर्ग भागिले १६२ केलं की मीटरला किती किलो ते निघतं. १२ मिलिमीटरची सळई म्हणजे १४४ भागिले १६२, मीटरला साधारण ०.८९ किलो, बारा मीटरची अख्खी सळई पावणेअकरा किलोच्या आत-बाहेर. गाडी आली की नग मोजायचे, गुणायचं, आणि चलनावरच्या वजनाशी ताडून बघायचं. पहिल्या गाडीला मी हे मोबाइलवर करत बसलो तेव्हा ड्रायव्हर हसत होता. दुसऱ्या गाडीला वजन चोख आलं.

दुसरं, रेती. ब्रासवर येते, ब्रास म्हणजे शंभर घनफूट. हौद्याची लांबी, रुंदी आणि रेतीची उंची टेपने मोजा, मधे आणि कोपऱ्यांत, कारण ढीग मधे उंच करून आणतात. ओलसर रेती फुगते, कोरडीपेक्षा जास्त जागा व्यापते, म्हणजे पाण्याचे पैसे रेतीच्या भावाने जातात. आम्ही शेवटी क्रश सँडवर (दगड भरडून केलेल्या रेतीवर) गेलो. खाडीची रेती स्वस्त मिळते म्हणून कोणी सांगितलं तर हात जोडा, मीठ असतं त्यात.

आणि मुकादमाशी भांडू नका. आमचा विजापूरकडचा होता. मी चुका काढत बसायचो तोवर काम रडत चालायचं. एक दिवस त्याच्या डब्यातली भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली, दुसऱ्या दिवसापासून चुका तोच दाखवायला लागला.

ओळंबा

उत्तम प्रतिसाद. एक पुरवणी. स्लॅबखालचे टेकू काढायची घाई कंत्राटदाराला असते, कारण सेंट्रिंगच्या प्लेटा भाड्याच्या असतात आणि पुढच्या साइटला हव्या असतात. आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, स्लॅबला टेकू किमान सात दिवस, त्याहून मोठ्याला चौदा. तुळयांना सहा मीटरपर्यंत चौदा, पुढे एकवीस. पाणी मारणं साध्या ओपीसी सिमेंटला किमान सात दिवस, राखमिश्रित पीपीसीला दहा. तारखा खडूने खांबावर लिहून ठेवा. मावशींच्या ओट्यासारख्या.

आणि जोतं. केळफूल, तुम्ही आज एक पायरी उतरून घरात जाता. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तुमच्या घरात किती पाणी होतं ते सासऱ्यांना विचारा आणि भिंतीवर तिथे खूण करा. नवं जोतं त्या खुणेच्या वर. शिवाय रस्ता अजून एकदा तरी चढेल असं धरून चाला.

केळफूल | १० फेब्रुवारी

विचारलं. सासरे उठले आणि देवघराच्या भिंतीपाशी गेले. तिथे आधीच खूण आहे, पेन्सिलची, शेजारी तारीख. मी अठरा वर्षं त्या भिंतीसमोर दिवा लावतेय, मला वाटायचं मुलांची उंची मोजलीय.

हिशोबनीस

हे बरं नाही केलंत. आता मीही बांधा म्हणायला लागेन.

गच्ची_रिकामी

मी मतावर ठाम. बिल्डर. झोप.

केळफूल | १७ जुलै, रात्री १०:४५

धागा वर काढतेय, माफी. पाच महिने गायब होते. धागाकर्ती पळाली असं वाटलं असेल.

मोजणी झाली. आमची मागची भिंत शेजाऱ्यांच्या हद्दीत जवळजवळ दोन फूट निघाली. सासरे दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. ती भिंत त्यांनी स्वतः घातलेली. पुढून रस्त्याला एक पट्टी जातेय. मालमत्ता पत्रकावर आजेसासरे अजून होतेच, आणि त्यांच्या एका बहिणीचं नाव निघालं, जिचं नावही घरात कोणाला माहीत नव्हतं. त्या बहिणीचे नातू वसईला सापडले. साधी माणसं. एका रविवारी जेवायला बोलावलं, हक्कसोडीला तयार झाले. म्हणाले, जुन्या घराचं एक कौल द्या आठवणीला. पंचवीस दिली.

मीठभाकर, तुमचं ऐकून दिरांना सरळ विचारलं. मोठी शांतता झाली. मग जाऊच म्हणाली, आम्ही येणार नाही, पण "येऊ" म्हणायची सोय हवी. वर एक खोली त्यांची, असं लिहून घेतलंय.

म्हणजे बांधतोय. बिल्डरला नाही म्हटलं. तो शेजारच्या प्लॉटवर वर चढणारच आहे, म्हणजे पायपुसणी आता चौथ्या बाजूनेही येतील. राहायची सोय शिंपोलीला भाड्याने, अकरा महिन्यांचा करार. ओळंबाकाका, हसू नका.

ओळंबा

हसलो नाही. बावीस महिने धरा.

केळफूल

दोन प्रश्न राहिले. सागवानी खांब आठ आहेत. पडवीला लावायचे असं सासरे म्हणतात. चांगले आहेत की नाही ते कसं ओळखायचं? इंजिनीअर म्हणतो, भार आरसीसीवर घेऊ, हे नुसते शोभेला.

मुकादम_माझा_मित्र

बुंध्याकडची एक फूट बघा, जमिनीलगतची. ओल आणि वाळवी तिथूनच चढते. जाड खिळा दाबून बघा, भसकन आत गेला तर तेवढा भाग कापून दगडी उथळ्यावर उभा करा. वरचा भाग बहुतेक शाबूत असतो. आणि पाडकामवाल्याला खांब, तुळया, दारं यांच्यासह घर ठोक भावाने देऊ नका. आधी आपलं लाकूड उतरवा, मग पाडायला द्या.

दहिसरची_मावशी

खूप आनंद झाला गं. दुसरा प्रश्न कुठला? आणि ओटा किती इंचांवर ठरवलास?

केळफूल

तोच तर दुसरा प्रश्न! सासूबाईंना एकतीस हवा, मला चौतीस. काल पाटावर पोळपाट ठेवून दोघींनी लाटून बघितलं. जाऊ फोनवर म्हणाली, दोन ओटे करा.

मीठभाकर

तेही लिहून घ्या.